अंजय्या सरांची सीट

अंजय्या सरांवर मी अकरा वर्षं जळलो. आता सांगायला हरकत नाही, कारण ते सोलापुरात नाहीत. मुलीकडे करीमनगरला असतात आणि हे तिथवर पोचायची शक्यता कमी. पोचलंच, तर चष्मा कपाळावर सरकवून वाचतील आणि म्हणतील, छान लिहिलंय की सरांनी. हेच तर दुखणं आहे. हा माणूस तुम्हाला धड जळूही देत नाही.

मी शाळेत पी.टी.चा शिक्षक, ते चित्रकलेचे. वेळापत्रकात आम्ही दोघंही सारखेच कडेचे. गणिताच्या सरांचा भाग मागं पडला की आधी माझा तास जायचा, मग त्यांचा. खरं म्हणजे आमचं मेतकूट जमायला हवं होतं. पण माझा तास गेला की मुलं मैदान बुडालं म्हणून ओरडायची, आणि त्यांचा गेला की सर आले नाहीत म्हणून तोंड पाडून बसायची. म्हणजे माझ्याऐवजी कुणीही शिट्टी वाजवली असती तरी चाललं असतं. मला हे कळत होतं. मी रोज पहाटे उठून पळणारा, पोट आत असलेला, चाळिशीतही दंड दाखवण्यासारखे असलेला माणूस. आणि ते बुटके, पोट पुढं, पांढऱ्या हाफ शर्टच्या खिशावर कायम कुठला तरी रंग सांडलेला, कानावर खडू. त्या खडूची त्यांना आठवण नसायची. स्टाफरूममध्ये बसून खडू शोधायचे आणि आम्ही कुणी सांगायचो नाही, कारण ते शोधताना बघायला मजा यायची.

घर त्यांचं पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरी तेलुगू, शाळेत मराठी, टेम्पोवाल्याशी हिंदी, अक्कलकोटकडचे पालक आले की तोडकं मोडकं कानडी. चारही भाषांत एक वाक्य ठरलेलं. होतंय की. प्रदर्शन परवावर आलंय, कागद आलेले नाहीत, होतंय की. छप्पर गळतंय, चित्रं भिजली, वाळवू की. मला असल्या माणसांचा राग येतो. मी प्रत्येक गोष्टीची यादी करतो, वेळ लावतो, शिट्टी वाजवतो. आणि माझ्या यादीतल्या निम्म्या गोष्टी होत नाहीत, त्यांच्या मात्र होतात. कशा, देव जाणे.

मधल्या सुट्टीत त्यांचा डबा उघडला की स्टाफरूम तिकडं सरकायची. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, बाकी काही नाही. सोलापुरात घरोघरी तेच असतं. तरी सगळ्यांना त्यांच्याच डब्यातलं पाहिजे असायचं, आणि ते स्वतः शेवटी उरलेला तुकडा चहात बुडवून खायचे. माझ्या डब्यात मोड आलेली मटकी. तिला आजवर कुणी हात लावलेला नाही. एकदा अंजय्या सरांनीच लावला, माझा पडलेला चेहरा बघून. तो त्यांचा घास मला जास्त लागला.

एका वर्षीच्या स्नेहसंमेलनाची गोष्ट. दोन महिने उन्हात उभं राहून मी ऐंशी मुलांची कवायत बसवली होती. घसा बसला होता माझा. अंजय्या सरांना काम एवढंच होतं की मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारायच्या. त्यांनी दोरी लावली नाही. फक्कीचा डबा घेऊन मागं मागं चालत गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ सुतासारखी सरळ आली. पाहुणे आमचेच जुने विद्यार्थी, आता मोठे अधिकारी. ते माईकवर उठले आणि पहिली दहा मिनिटं त्या रेघेवर बोलले. आपल्याला अंजय्या सरांनी हात धरून रेघ मारायला कसं शिकवलं, त्या रेघेनं आपल्याला आयुष्यात कुठं नेलं, वगैरे. शेवटी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, कवायतही छान झाली. मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन जेवलो नाही.

आणि आमची आई. सांगोल्याकडच्या आमच्या गावी असते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन सोलापुरात झालं तेव्हा मी नेमका मुलांचा संघ घेऊन बाहेरगावी स्पर्धेला गेलेलो. परत आलो तर कळलं की तीन दिवस दुपारी शाळा सुटली की अंजय्या सर तिच्याजवळ बसत होते. तिच्या डोळ्यावर पट्टी, म्हणून खिडकीतून काय दिसतं ते सांगत होते. समोरच्या लिंबावर कावळा बसलाय, एक बाई पोराला घेऊन रिक्षातून उतरली, पोरानं बूट उलटे घातलेत. त्यानंतर आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "ते चित्राचं मास्तर बरं हायत न्हवं?" मी बरा आहे का, हे नंतर.

आता सायकलींची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या आवारात खेड्यापाड्यातून आलेले पेशंटचे नातेवाईक राहतात. पेशंट आत खाटेवर, ही माणसं बाहेर फरशीवर, झाडाखाली, जिथं जागा मिळेल तिथं. मी पहाटे त्या बाजूनं पळायला जातो. एका थंडीत एक म्हातारा पेपर अंगावर घेऊन झोपलेला पाहिला आणि मला सुचलं. हे मला सुचलं, हे कृपया लक्षात ठेवा. चादरींचं गाव आपलं, आणि माणसं पेपर पांघरतात. मी स्टाफरूममध्ये कल्पना मांडली. जानेवारीत एका रविवारी सोलापूर ते मैंदर्गी आणि परत, शंभर किलोमीटरच्या वर सायकल चालवायची. प्रत्येक सायकलवाल्यामागं लोकांनी चादरींचा शब्द द्यायचा. त्यानं फेरी पूर्ण केली तर चादरी द्यायच्या. नाही केली तर नाही.

बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, विचारलं की पूर्ण नाही केली तरी द्यायला काय हरकत आहे. मी म्हटलं, मग त्याला अर्थ काय. खेळ म्हटला की नियम पाहिजे. मागून टेम्पो असेल, पाणी असेल, केळी असतील, पण जो टेम्पोत बसला तो बाद आणि त्याच्या चादरीही बाद. माझा नियम कडक होता. मला वाटलं होतं की माझ्यामागं निम्मं गाव उभं राहील, कारण फेरी पूर्ण करणार याची खात्री असलेला माणूस एकच होता. नुकतीच गिअरची नवी सायकल घेतलेली. वर्षभर रोज तीस-चाळीस किलोमीटर होत होते.

माझ्याशिवाय अठरा नावं आली. फेरीला तीन आठवडे उरले असताना अंजय्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी पण येतो की." निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरलेला माणूस. सगळे हसले, तेही हसले. मी काळजीच्या स्वरात विचारलं की सर, सराव? म्हणाले, होतंय की. पुढं एवढंच म्हणाले की थोरल्या भावाच्या वेळी मी त्या फरशीवर बारा दिवस होतो, फरशी लई गार असते. आणि खडू शोधायला लागले.

व्हरांड्यात लावायचा तक्ता त्यांनीच काढला. प्रत्येक सायकलवाल्याच्या नावाखाली एक उभी पट्टी, आणि शब्द मिळालेल्या प्रत्येक चादरीचा एक छोटा रंगीत चौकोन. पहिल्या आठवड्यात माझ्या नावाखाली नऊ चौकोन. त्यांच्या नावाखाली चौकोन चढत चढत तक्त्याच्या टोकाला पोचले. त्यांच्या गल्लीतल्या माणसांनी, कारखान्यात मागावर बसणाऱ्यांनी, ज्यांच्या पोरांना त्यांनी शिकवलं होतं त्या सगळ्यांनी शब्द दिले होते. कुणी एक, कुणी पाच. एका कारखानदारानं तर अख्खा गठ्ठा. एका दुपारी मी तक्त्यासमोर उभा होतो तेव्हा ते रंगाचा ब्रश घेऊन आले आणि अगदी संकोचानं म्हणाले, सर, माझ्याकडं जागा संपली, तुमच्याकडं रिकामी हाय, वापरू का. माझ्या पट्टीत त्यांचे चौकोन भरले गेले. मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार?

त्यातला एक हिरवा चौकोन त्यांनी जरा जपून काढला. कुणाचा, म्हणून विचारलं तर म्हणाले, ताईंचा. ताई म्हणजे सुनंदा, माझी बायको. मी घरी जाऊन तिला विचारलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "तुम्ही तर पूर्ण करणारच. तुमच्या चादरीला काय धोका आहे? त्यांना जरा धीर नको?"

तिचं बरोबर होतं. तरी आतून पेटलो तो पेटलोच.

त्यांचा सराव म्हणजे एक गंमत होती. मी सगळ्यांना वेळापत्रक छापून दिलं होतं, कुठल्या दिवशी किती, पाणी किती, झोप किती. पहिल्या रविवारी त्यांना अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीपर्यंत जायचं होतं. अर्ध्या वाटेत एका जुन्या विद्यार्थ्यानं चहाला ओढलं, तिथून पुढच्यानं ओढलं, आणि दुपारी बाराला ते तिथूनच परत फिरले. दुसऱ्या रविवारी कुंभारीला पोचले, पण तिथं कुणाकडे बारसं होतं. जेवून, पाळण्याला हात लावून, बाळाचं चित्र काढून देऊन, सायकल जीपच्या टपावर टाकून परत आले. मी मैदानावर हे ऐकलं आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, हे काही मैंदर्गीला पोचत नाहीत.

तिसऱ्या रविवारी त्यांनी विनंती केली की सर, एकदा तुमच्याबरोबर येतो, तुमी मागनं बघा आणि काय चुकतंय ते सांगा. आदल्याच दिवशी तो हिरवा चौकोन भरलेला. आम्ही पहाटे कुंभारीच्याही पुढं, वळसंगकडे निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी, थंडी, रस्ता मोकळा. ते पुढं, मी मागं.

त्यांची सायकल वडिलांची. काळी, जाड नळीची, मागं रुंद लोखंडी कॅरिअर. वडील हातमागावर विणायचे आणि साड्यांचे गठ्ठे त्याच कॅरिअरवर बांधून पेठेत पोचवायचे. सायकल जड, पण दणकट होती. चाक डुलत नव्हतं, साखळीला तेल होतं. एकच गोष्ट चुकीची होती, आणि ती मला पहिल्या शंभर पावलांत दिसली. सीट खाली होती. थोडीथोडकी नाही, चांगली चार बोटं खाली. पॅडल वर आलं की त्यांचा गुडघा पोटाला लागायचा, आणि खाली गेलं तरी पाय सरळ व्हायचा नाही. शाळेपर्यंत दोन किलोमीटर असं चालतं. शंभर किलोमीटर असं चालवलं तर गुडघा जातो. हे पी.टी.च्या माणसाला शिकवावं लागत नाही. माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये सगळ्या मापांचा एक छोटा पाना असतो. नट सैल करायचा, सीट वर ओढायची, नट आवळायचा. दोन मिनिटांचं काम.

वळसंगच्या अलीकडे ते थांबले. गुडघा चोळत म्हणाले, हा जरा बोलतोय. मग सीटवर हात ठेवून त्यांनी मला सरळ विचारलं, "सर, मागनं बघितलं न्हवं? ठीक चाललंय का?"

मी त्या सीटकडं बघितलं. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. घामानं कानावरचा खडू ओघळून गालावर पांढरी रेघ आली होती. माझ्या डोळ्यासमोर तो तक्ता आला, माझ्या नावाखालचे त्यांचे चौकोन आले, भाकरी थापणारी सुनंदा आली.

"चाललंय की," मी म्हणालो.

हे मी केलं. कुणी विचारलं तर सांगता येईल की मी काही केलंच नाही, आणि ते खरंही आहे.

फेरीच्या दिवशी पहाटे साडेपाचला शाळेच्या फाटकातून बाईंनी झेंडा दाखवला. मी सुटलो तो सुटलोच. अक्कलकोट मागं टाकलं, मैंदर्गीला पहिला पोचलो. तिथल्या शाळेपाशी लोक जमले होते, हार होते, गुळाचा चहा होता. मी उतरलो, हेल्मेट काढलं. एक म्हातारी पुढं आली, माझ्या मागं रस्त्याकडं बघत तिनं विचारलं, "मेष्ट्रु यल्लि?" मास्तर कुठं आहेत, असं. तिचा नातू आमच्याकडं शिकलेला. माझ्या गळ्यात एक हार पडला, पण बाकीचे त्यांनी हातात धरून ठेवले. मी केळं खाल्लं आणि परत फिरलो. अक्कलकोटच्या अलीकडे ते समोरून येताना दिसले, सगळ्यांच्या मागं, एका पॅडलवर जास्त भार देत. मला हात केला. मीही केला.

दुपारी एकच्या आत मी शाळेत. पहिला. फाटकाशी शिपाई आणि दोन शिक्षक. टाळ्या वाजवल्या त्यांनी. बाकीचे कुठं, म्हटलं, तर कळलं की अक्कलकोट रस्त्यावर, शहर संपतं तिथं गर्दी उभी आहे, अंजय्या सरांची वाट बघत. पूर्व भागातली माणसं, कुणी घरून सतरंजी आणून रस्त्याकडेला बसलेली. मी अंघोळ केली, जेवलो. तीनपर्यंत बाकीचे अठराही आले. सगळ्यांनी पूर्ण केली. राहिले ते एकटे.

चारला टेम्पोवाल्या रऊफभाईंचा फोन आला. हा माणूस फेरीभर मागून टेम्पो घेऊन होता, पैसे न घेता. म्हणाले, "सरजी, अंजय्या सर चलते आरे. सैकल हात में पकडके. घुटना सूज गया. बैठो बोला तो बैठते नै." मी म्हटलं, म्हणजे काय, कधीपासून? कुंभारीच्या पलीकडून, म्हणाले. मी म्हटलं, बसवा त्यांना टेम्पोत. रऊफभाई म्हणाले, आपकाच रूल है बोलते.

मी सायकल काढली आणि गेलो. आता लोक म्हणतात सर धावत गेले. गेलो खरा, पण मनात काय होतं ते मलाच माहीत. कुंभारीजवळ एका मोरीच्या कठड्यावर ते बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, गुडघा टम्म. शेजारी सायकल स्टँडवर लावलेली. रऊफभाई टेम्पो थांबवून बाजूला उभे. मला बघून त्यांना आनंद झाला. खरा आनंद, तोंडभर.

मी म्हटलं, सर, टेम्पोत बसा, नियम मी केला, मीच मोडतो. ते नाही म्हणाले. "लोकांनी सायकलीवर शब्द दिलाय, टेम्पोवर न्हाय. आपण गाडीत बसून गेलो तर देतील, न्हाय असं न्हाय. पण कशाला?" मग सीटवर थाप मारून म्हणाले, "एक सांगू का? ही सीट बाबांनी बसवलेली. मागं गठ्ठा असला की सायकल उलटती, म्हणून बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला लागावेत एवढी खाली. ते गेले, मी हात लावला न्हाय. मला लई दिवस वाटायचं की माझ्यासाठी जास्तच खाली हाय. म्हणून त्या दिवशी तुमाला विचारलं. तुमी म्हणालात चाललंय की. लई बरं वाटलं बघा. पी.टी.चे सर म्हणतात म्हणजे बाबांचं माप बरोबर."

पाना माझ्या कमरेला होता. आता तरी काढायचा, नट सैल करायचा, सीट वर घ्यायची. कदाचित एवढ्यानंही त्या गुडघ्याला पॅडल जमलं असतं आणि राहिलेले दहा-अकरा किलोमीटर ते बसून आले असते. पण पाना काढला असता तर सांगावं लागलं असतं. मी नाही काढला. मी माझी सायकल टेम्पोत टाकली आणि त्यांच्या शेजारी चालायला लागलो.

तीन तास लागले. त्यांनी हँडल सोडलं नाही. वाटेत ते बोलत होते, हुरड्याचा वास आला का म्हणून विचारत होते, पुढच्या वर्षी तक्त्याला मोठा कागद घेऊ म्हणत होते. मी हूं हूं करत होतो. दिवेलागणीला शहराच्या तोंडाशी आलो तर गर्दी तशीच. बायकांनी ओवाळायला ताटं आणलेली. त्यांनी सगळ्यांना हातानं थांबवलं आणि माझा दंड धरून पुढं केलं. तेलुगूत काहीतरी सांगितलं. शेजारच्या माणसानं मला मराठीत सांगितलं की सर म्हणतायत, हे घरी पोचले होते, माझ्यासाठी परत आले. आणि मग त्या बायकांनी मला ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. लंगडणारे अंजय्या सर आणि त्यांना आधार देणारा मी. बाईंनी सभेत शाल-श्रीफळ दिलं. पालक वाटेत थांबवून नमस्कार करायला लागले. आईचा फोन आला, तिनं पहिल्यांदा माझी चौकशी केली. सुनंदानं त्या रात्री पुरणपोळी केली. अकरा वर्षं मला जे पाहिजे होतं ते सगळं एका आठवड्यात मिळालं, आणि तेही त्यांच्या हातून. त्यांच्या नावच्या चादरी दोन टेम्पो भरून दवाखान्यात गेल्या. मी वाटायला उभा होतो. एक बाई चादर घेऊन माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी मागं सरकलो.

गुडघा नीट झाला नाही. सूज उतरली, पण वाकवला की कळ यायची. डॉक्टर म्हणाले वय आहे. सायकलीवर बसणं बंद झालं. पण शाळेत ते सायकल घेऊनच यायचे, ढकलत. एक हात हँडलवर, एक सीटवर. कुणी विचारलं तर म्हणायचे, काठी घेतली की म्हातारा दिसतो, सायकल धरली की अजून शिक्षक दिसतो. मी रोज फाटकाशी शिट्टी घेऊन उभा असायचो आणि रोज त्यांना असं येताना बघायचो. दीड वर्ष. मला वाटायचं, आज सांगू. मग घंटा व्हायची.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी सगळी शाळा हॉलमध्ये होती. गाणी, भाषणं, रडारड. ज्यांना त्यांनी कधी शिकवलं नव्हतं ती मुलंही रडत होती. मला तेवढ्यातही वाटून गेलं की माझ्या वेळी कोण रडेल. मी मधूनच उठलो आणि सायकल स्टँडवर गेलो. नट गंजला होता. तेल सोडलं, थोडा वेळ थांबलो, पाना लावला. हलेना. हात सोलला. शेवटी फिरला. सीट चार बोटं वर घेतली आणि आवळली.

कार्यक्रम संपल्यावर ते हार-नारळ पिशवीत घालून आले. मी तिथंच उभा होतो. त्यांनी सवयीनं एक हात हँडलवर ठेवला, दुसरा सीटवर ठेवायला गेले, आणि हात अडला. सीट तिथं नव्हती, वर होती. त्यांनी सीटकडं बघितलं. दांड्याचा गंज न लागलेला चकचकीत भाग बाहेर आला होता, चार बोटं. मग माझ्या हाताकडं बघितलं, त्याला तेल लागलेलं होतं.

"कधीपासून माहीत होतं, सर?"

"वळसंगपासून," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढं केला आणि पाना मागितला. मी दिला. वाटलं, आता सीट परत खाली घेणार, वडिलांच्या मापावर. ते वाकले, गुडघा जपत, आणि नटाला पाना लावून अर्धा आटा आवळला.

"जरा सैल राहिला होता," म्हणाले.

पिशवी हँडलला अडकवली. पॅडलवर पाय ठेवला, दोनदा उडी घेतली, तिसऱ्यांदा बसले. सायकल डगमगली. पाय खाली गेला तेव्हा पहिल्यांदाच सरळ झाला. फाटकातून बाहेर पडले, उजवीकडं वळले, मागं वळून बघितलं नाही. कानावर खडू होता. पाना त्यांच्याच हातात राहिला होता, हँडलबरोबर धरलेला, आणि मी तो मागितला नाही.